टर्बो इंजिन: ताकद हवेतून येते, आयुष्य ऑइलवर ठरतं

हल्ली नवी गाडी घ्यायला गेलेल्या माणसाला एक कोडं पडतं. त्याच्या जुन्या गाडीचं इंजिन १५०० सीसीचं, चार सिलिंडरचं. समोर उभी असलेली नवी गाडी १००० सीसीची, तीन सिलिंडरची. तरीही विकणारा ठामपणे सांगतो की नवीत ताकद जास्त आहे, आणि कागदावरचे आकडेही तेच म्हणतात. मागच्या दारावर ‘टर्बो’ लिहिलेलं असतं, त्यामुळे कोडं सुटल्यासारखं वाटतं. पण घरी येईपर्यंत ऐकीव सल्ल्यांची रांग लागते. ‘टर्बो गाडी लगेच बंद करायची नसते.’ ‘लाखभर किलोमीटर झाले की विकून टाक.’ ‘टर्बो गेला की इंजिन गेलं समज.’

यातलं काही आजही खरं आहे, काही तीस वर्षांपूर्वी खरं होतं, आणि काही कधीच खरं नव्हतं. मी स्वतः एकाच गाडीत दोन टर्बो घालवले आहेत. त्यातला दुसरा तरी नक्की वाचला असता. त्याची गोष्ट शेवटी येईलच, पण ती कळायला आधी हे यंत्र काय करतं ते कळायला हवं.

इंजिनाची खरी भूक हवेची

पेट्रोल नुसतं पेटत नाही, त्याला हवा लागते. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. आकडा लहान वाटेल, पण १ लिटर हवेचं वजन जेमतेम १.२ ग्रॅम असतं. म्हणजे ग्रॅमभर पेट्रोलला १२ लिटर हवा. चमचाभर पेट्रोल जाळायचं तर तीन-चार बादल्या भरतील एवढी हवा आत यायला हवी.

१००० सीसीचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा, फार तर १ लिटर हवा आत घेऊ शकतं. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ते मिनिटाला १५०० लिटर हवा ओढतं, यापेक्षा जास्त नाही. पेट्रोल वाढवणं अगदी सोपं आहे, इंजेक्टर क्षणभर जास्त उघडा ठेवला की झालं. पण हवा नसेल तर ते जादा पेट्रोल अर्धवट जळून काळा धूर होऊन बाहेर पडेल. त्यामुळे ताकद वाढवायची म्हणजे हवा वाढवायची. त्यासाठी इंजिन मोठं करता येतं किंवा जोरात फिरवता येतं. तिसरी वाट म्हणजे त्याच १ लिटरच्या जागेत हवा दाबून भरायची. टर्बो हे तिसरं काम करतो. लोहाराचा भाता जे निखाऱ्यांना करतो, तेच.

वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावलं

भाता मारायला हात लागतात, मग इथे हवा दाबायची ताकद कुठून येते? इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग सायलेन्सरवाटे निघून जातो. तेवढाच जवळपास रेडिएटर आणि इंजिनाच्या अंगावाटे जातो. चाकांपर्यंत उरलेलं पोहोचतं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर तापलेला असतो आणि जोरातही असतो. त्याच्या वाटेत पंखा ठेवला तर तो फुकटात फिरेल.

टर्बोची रचना एवढीच आहे. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एक पंखा धुराच्या वाटेत असतो, त्याला टर्बाइन म्हणतात. दुसरा स्वच्छ हवेच्या वाटेत, तो कॉम्प्रेसर. धूर पहिल्याला फिरवतो, दांडा दुसऱ्याला फिरवतो, आणि दुसरा पंखा बाहेरची हवा खेचून इंजिनात दाबतो. बाहेरच्या हवेपेक्षा जेवढा दाब जास्त, त्याला बूस्ट म्हणतात. (‘फुकटात’ हा शब्द मी थोडा सैल वापरला. धुराच्या वाटेत अडथळा आला की इंजिनाला तो ढकलायला थोडं जास्त बळ लागतं. पण हा सौदा फार फायद्याचा आहे.)

कल्पना नवी नाही. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. त्या काळी एवढी उष्णता सोसणारे धातूच नव्हते, म्हणून ती बरीच वर्षं कागदावरच राहिली. पुढे विमानांमुळे तिला जोर आला. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन दमतं. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक नावाच्या, सुमारे ४३०० मीटर उंच डोंगरावर नेऊन चालवून पाहिलं. समुद्रसपाटीला साधारण ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर त्याच डोंगरावर ते पुन्हा ३५० च्या वर गेलं. आजही घाटात, उंच डोंगरावर टर्बो गाडीचा दम साध्या गाडीइतका जात नाही, त्याचं कारण हेच. बाहेर हवा विरळ झाली की टर्बो थोडा जास्त फिरून ती तूट भरून काढतो, अर्थात त्याच्या कुवतीपर्यंत.

मग पुढे ती रेडिएटरसारखी जाळी कशाला?

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटका देण्याइतकं तापतं, हे सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा फुगते. म्हणजे दाबून जे कमावलं त्यातलं बरंचसं फुगण्यात गेलं.

हिशेब करून पाहू. बाहेर २५ अंश तापमान आहे आणि टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला. ती हवा सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. दाब दुप्पट असूनही त्या जागेत हवा दीडपटच मावते. तीच हवा इंजिनात जाण्याआधी ५० अंशांपर्यंत गार केली, तर सुमारे १.८५ पट मावते. हे गार करण्याचं काम करणाऱ्या जाळीला इंटरकूलर म्हणतात. बऱ्याच गाड्यांत ती पुढच्या बंपरच्या मागे असते. तिच्यावर चिखल किंवा पालापाचोळा साचला, किंवा बंपरला हौसेने काही जोडून वारा अडवला, तर गाडीचा पिकअप कमी होतो आणि मालक पेट्रोलला दोष देत बसतो.

दाब वाढवतच का नेत नाहीत?

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की मिश्रण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जळत जायला हवं. दाब आणि उष्णता फार झाली की उरलेलं मिश्रण वाट न पाहता आपणहून पेटतं, एकदम, ठोका बसावा तसं. याला नॉकिंग म्हणतात. कान दिला तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट ऐकू येतो. ते चालू राहिलं तर पिस्टनचं वाटोळं होतं. पेट्रोलचा ऑक्टेन नंबर म्हणजे आपणहून न पेटण्याची त्याची ताकद. म्हणून गाडीच्या पुस्तकात जो किमान ऑक्टेन लिहिला आहे तो पाळायचाच. त्याहून महाग पेट्रोल मात्र गाडी त्यासाठी बनवलेली असेल तरच उपयोगी पडतं.

दाब आवरायला टर्बोला एक चोरवाट दिलेली असते. ठरलेला दाब झाला की वेस्टगेट नावाचं छोटं झाकण उघडतं आणि जादा धूर टर्बाइनला न फिरवता बाजूने निघून जातो. बऱ्याच डिझेल गाड्यांत त्याऐवजी टर्बाइनभोवती हलती पाती असतात, ती धुराची वाट अरुंद किंवा रुंद करतात.

इतिहासातलं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. १९६२ साली आलेली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो लावून विकल्या गेलेल्या पहिल्या मोटारींपैकी एक. नॉकिंग टाळायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारलं जाई. त्याची वेगळी टाकी असायची आणि ती मालकाने भरायची. ती रिकामी झाली की गाडी स्वतःच टर्बोचा दाब कमी करायची. अनेक मालकांनी ती टाकी भरलीच नाही, तक्रारी वाढल्या, आणि दोन वर्षांत ती गाडी बंद झाली. यंत्र हुशार होतं, पण ते मालकाकडून जी काळजी मागत होतं ती त्याला कोणी नीट समजावली नव्हती. साठ वर्षांनंतर टाकी गेली आहे, पण समजावण्याची उणीव बरीचशी तशीच आहे.

पाय दाबला तरी गाडी क्षणभर अडखळते

हा दोष नव्हे, स्वभाव आहे. पाय दाबल्यावर आधी धूर वाढणार, मग पंखा वेग घेणार, मग दाब तयार होणार. या मधल्या वेळाला टर्बो लॅग म्हणतात. आता टर्बो लहान आणि हलके झाले आहेत, त्यामुळे तो बराच कमी झालाय. ओव्हरटेक करताना आधी एक गिअर खाली घेतला तर तो जवळजवळ जाणवतच नाही. पण रोजच्या गाडीत हा अडखळा अचानक वाढला, तर ती सूचना समजायची.

दीड-दोन लाख फेरे, आणि मध्ये फक्त ऑइल

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पूर्ण जोरात चालणाऱ्या लहान टर्बोचा दांडा मिनिटाला २ लाखांच्या आसपास फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त. पंखा ४० मिलिमीटरचा धरला तर त्याच्या पात्याचं टोक ताशी १५०० किलोमीटरने फिरत असतं, आवाजाच्या वेगाहून जास्त. टर्बाइनच्या बाजूला पेट्रोल गाडीत ९०० अंशांच्या वर तापलेला धूर असतो. रात्री बॉनेट उघडून पाहिलं तर जोरात चाललेल्या इंजिनाचं, टर्बाइनभोवतीचं बिडाचं घर लालसर दिसतं. आणि तिथून चार बोटांच्या अंतरावर, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, बाहेरची हवा खेचणारा ॲल्युमिनियमचा पंखा असतो.

हा दांडा कशावर टेकलेला असतो? बहुतेक गाड्यांत कशावरच नाही. तो ऑइलवर तरंगतो. त्याच्याभोवती पितळी रंगाची एक छोटी कडी असते, तिला बेअरिंग म्हणतात, आणि दांडा व कडी यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी फट असते, केसाहून बारीक. इंजिनाच्या पंपातून दाबाने येणारं ऑइल त्या फटीत पसरतं आणि धातूला धातू लागू देत नाही. कडीच्या बाहेरूनही ऑइलचा थर असतो, म्हणजे कडीसुद्धा तरंगत असते. तेच ऑइल तिथली उष्णता उचलून खाली नेतं.

इंजिनाचे बाकीचे भाग थोडं जुनं, थोडं घाण ऑइल बराच काळ सोसतात. टर्बोला ते सोसत नाही. ऑइलमध्ये बारीक कचरा असेल तर तो त्या फटीत कानस फिरवल्यासारखा फिरतो. ऑइल काही सेकंद उशिरा आलं तर दांडा कोरडा फिरतो. ऑइल जळून काळा थर झाला तर वाटच बुजते. टर्बो क्वचितच आपल्या मरणाने मरतो. बहुतेक वेळा ऑइल नीट न मिळाल्यामुळे किंवा बाहेरचं काही आत शिरल्यामुळे मरतो. टर्बो गाडीची देखभाल म्हणून जे जे सांगितलं जातं, ते जवळजवळ सगळं या एका फटीपाशी येऊन थांबतं.

‘पुस्तकात लिहिलंय तेवढ्या किलोमीटरला ऑइल बदललं की झालं ना?’

पुस्तकात लिहिलेला आकडा खोटा नसतो, पण तो अर्धाच वाचला जातो. बहुतेक पुस्तकांत दोन वेळापत्रकं असतात, एक साध्या वापराचं आणि एक खडतर वापराचं. खडतर म्हणजे काय याची यादी वाचली की आपण चमकतो. सतत चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, तासन्‌तास गर्दीत चालू राहिलेलं इंजिन, धूळ, चढ, ओझं. शहरात गाडी चालवणारे आपण बहुतेक जण याच यादीत बसतो.

किलोमीटरचा आकडा इंजिन किती वेळ चाललं ते सांगत नाही. गर्दीत एका तासात १० किलोमीटर होतात, मोकळ्या रस्त्यावर ८०. ऑइल मात्र दोन्हीकडे तासभरच तापलेलं असतं. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही, थोडं पेट्रोल सिलिंडरच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ होतं. म्हणून ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ यातला महिन्यांचा भागही तेवढाच पाळायचा. माझा स्वतःचा नियम असा आहे की शहरात वापरायच्या टर्बो गाडीचं ऑइल कंपनीच्या साध्या वेळापत्रकाआधी बदलायचं, आणि प्रत्येक वेळी फिल्टरही.

ऑइल कोणतं घालायचं हे दुकानदाराला विचारू नका, पुस्तकाला विचारा. तिथे जाडीचा आकडा असतो, उदाहरणार्थ ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०, आणि सोबत दर्जाचं नाव असतं. दोन्ही जुळायला हवेत. ‘गाडी जुनी झाली, जाड ऑइल घाला’ हा सल्ला टर्बोला घातक ठरू शकतो, कारण थंड इंजिनात जाड ऑइल त्या बारीक वाटेने उशिरा पोहोचतं.

आणि महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, ऑइलची पट्टी काढून बघा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. कमी झालेलं वाईट हे सगळ्यांना कळतं, पण वाढलेलंही वाईट. ऑइल आपोआप वाढत नाही. वाढलं असेल तर त्यात इंधन मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांत हे जास्त होतं. तो फिल्टर काजळी जाळून साफ व्हायला जादा डिझेल वापरतो, आणि ते काम अर्ध्यावर असताना रोज गाडी बंद केली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

बंद करण्याआधी मिनिटभर थांबायचं की नाही?

हा सल्ला ज्या कारणाने आला ते कारण पक्कं आहे. इंजिन बंद केलं की ऑइलचा पंपही थांबतो. टर्बाइनचं घर मात्र अजून धगधगत असतं आणि ती धग हळूहळू मधल्या बेअरिंगकडे सरकते. तिथे अडकलेलं ऑइल, तव्यावर विसरलेल्या तेलासारखं, आटून काळं आणि कडक होतं. पुन:पुन्हा असं झालं की त्याचे खवले सुटतात आणि वाट बुजवतात.

नव्या गाड्यांत बेअरिंगच्या भोवती कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, खेळवलेलं असतं, आणि काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही छोटा इलेक्ट्रिक पंप ते फिरवत राहतो. गाडी उभी केल्यावर पुढून पंख्याचा किंवा पंपाचा आवाज येत राहतो तो यामुळे, घाबरायचं कारण नाही. म्हणून शहरातून सावकाश घरी आलात तर थांबायची काही गरज नाही, टर्बो तापलेलाच नसतो. पण घाट चढून माथ्यावर थांबलात, किंवा महामार्गावर तासभर पळवून एकदम पेट्रोलपंपावर वळलात, तर एक-दोन मिनिटं इंजिन चालू राहू द्या. पंपावर मात्र भरण्याआधी इंजिन बंदच हवं, म्हणून तिथे शिरण्याआधीचे दोन-तीन किलोमीटर सावकाश या. खरं तर सगळीकडे हीच सवय उभं राहून वाट पाहण्यापेक्षा चांगली, कारण चालत्या गाडीला वाराही लागतो.

याची दुसरी बाजू फारसं कोणी सांगत नाही, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. सकाळी थंड गाडी सुरू केल्याबरोबर ॲक्सिलरेटर दाबून इंजिन रेस करू नका. ऑइल जाड असतं, टर्बोपर्यंत पोहोचायला त्याला थोडा वेळ लागतो. सुरू करा, पट्टा लावा, निघा, आणि इंजिन तापेपर्यंत पाय हलका ठेवा.

वरच्या गिअरमध्ये रेटणं का टाळायचं

नव्या टर्बो पेट्रोल इंजिनांना हजार-दीड हजार फेऱ्यांपासूनच भरपूर ओढ असते, त्यामुळे गिअर न बदलता पाचव्यातच पाय खाली दाबायचा मोह होतो. इथे एक वेगळा धोका आहे. फेरे कमी आणि दाब पूर्ण, अशा वेळी सिलिंडरमधला ऑइलचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीच्या आधीच पेट घेतो. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोट त्याला खाली ढकलतो. एकाच दणक्यात पिस्टन तडकू शकतो.

ऑइलमधल्या कॅल्शियमच्या मिश्रणांचा यात हात असतो असं दिसल्यावर ऑइलची घडणच बदलावी लागली. २०२० साली आलेल्या एपीआय एसपी (एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या दर्जाच्या ऑइलला या प्रकाराविरुद्धची चाचणी पार करावी लागते. चालवणाऱ्याने करायचं ते सोपं आहे: जोर हवा असेल तेव्हा गिअर खाली घ्यायचा. फेरे वाढले की लोकांना वाटतं इंजिनाला त्रास होतोय, पण अशा वेळी त्याला उलट सुटका मिळत असते.

‘ॲव्हरेज मात्र सांगतात तेवढं देत नाही’

ही तक्रार खरी आहे. लहान टर्बो इंजिन हलक्या पायाने चालवलं तर लहान इंजिनासारखं पितं. पाय दाबला की ते मोठ्या इंजिनाएवढी हवा घेतं, मग पेट्रोलही तेवढंच लागणार. शिवाय फार जोर दिला की काही इंजिनं उष्णता आवरायला गरजेपेक्षा थोडं जास्त पेट्रोल फवारतात. त्यामुळे एकच गाडी चालवणाऱ्या दोघांच्या ॲव्हरेजमध्ये टर्बोत जेवढा फरक दिसतो, तेवढा साध्या इंजिनात दिसत नाही.

एवढ्याशा इंजिनावर एवढा ताण, टिकेल का?

लांब पल्ल्याचे ट्रक कित्येक दशकं टर्बोवरच चालत आले आहेत आणि लाखो किलोमीटर करतात. टर्बोसाठी घडवलेल्या इंजिनाचे पिस्टन आणि बेअरिंग त्या हिशेबाने केलेले असतात, बऱ्याच इंजिनांत पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलचा फवाराही मारलेला असतो. टिकण्याचा प्रश्न इंजिनाच्या आकाराशी फारसा जोडलेला नाही. मात्र इंजिन चालवणाऱ्या संगणकात बदल करून बूस्ट वाढवून देणाऱ्यांपासून जपून राहा. बनवणाऱ्याने ठेवलेली ढील उन्हाळ्यासाठी, चढासाठी, वाईट पेट्रोलसाठी असते. ती विकत दिली की ते दिवस आल्यावर हाताशी काही उरत नाही.

बिघाड सांगून येतो

हलकी शीळ टर्बोचा नेहमीचा आवाज आहे. आधी नव्हता असा, फेऱ्यांबरोबर चढत जाणारा भोंग्यासारखा आवाज आला तर लगेच दाखवा. पंखा घराला घासत असू शकतो.

गाडी ओढत नाही आणि पाय दाबल्यावर ‘फुस्स’ असं ऐकू येतं, डिझेल असेल तर काळा धूरही येतो: अशा वेळी पहिला संशय टर्बोवर घेऊ नका. दाबाची हवा नेणारा रबरी होज फाटलेला किंवा त्याचा क्लॅम्प ढिला झालेला असतो. दुरुस्ती अगदी किरकोळ असते, पण न तपासता टर्बो बदलायला सांगितल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ते टर्बोतून येत असेल, पण एअर फिल्टर चोंदला असेल किंवा टर्बोतून ऑइल खाली नेणारा पाइप बुजला असेल तरीही चांगला टर्बो ऑइल गाळतो. होजच्या आत ऑइलचा हलका ओशटपणा दिसणं मात्र साधारण असतं. डबकं साचलेलं दिसलं तर गोष्ट वेगळी.

एअर फिल्टरकडे लोक फार दुर्लक्ष करतात. त्या वेगाने फिरणाऱ्या पंख्यावर वाळूचा कण आदळला तरी पात्याची धार जाते, आणि फिल्टर बदलताना आत पडलेला एखादा छोटा स्क्रू अख्खा पंखा संपवतो.

डिझेलमध्ये एक प्रकार दुर्मीळ पण भयंकर आहे. टर्बोचं सील गेलं आणि ऑइल थेट इंजिनात जाऊ लागलं, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच चालू लागतं. पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट येतात, फेरे आपोआप चढत जातात, आणि चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. ते जमलं नाही तर सगळ्यांनी गाडीपासून लांब व्हायचं.

टर्बो बदलला, तरी पुन्हा गेला

माझ्या गाडीचा पहिला टर्बो जुन्या ऑइलमुळे गेला. गाडी मी वापरलेली घेतली होती, आधीचा हिशेब माहीत नव्हता. एका गॅरेजने नवा टर्बो बसवून दिला. गाडी छान पळायला लागली आणि काही महिन्यांतच पुन्हा तोच भोंग्यासारखा आवाज, तोच निळा धूर.

दुसऱ्या मेकॅनिकने टर्बो उतरवून माझ्या हातात दिला आणि दांड्याचं टोक चिमटीत धरून हलवायला सांगितलं. चांगल्या टर्बोत दांडा बाजूला अगदी किंचित हलतो आणि मागेपुढे जवळजवळ हलतच नाही. हा दोन्हीकडे खुळखुळत होता, आणि पंख्याच्या पात्यांची टोकं घराला घासून चकाकत होती. मग त्यांनी ऑइल आणणारा पाइप काढून उजेडाकडे धरला. बोटाएवढा जाड पाइप, आतलं भोक पेन्सिलच्या शिशाएवढं उरलेलं. कडेला काळा, काचेसारखा कडक थर. पाइपच्या टोकाच्या पोकळ बोल्टमध्ये तर तार घालावी लागली. पहिल्या टर्बोला ज्याने उपाशी मारलं, तोच पाइप नव्या टर्बोला जोडला गेला होता.

त्या दिवशी त्यांनी जे केलं ते मी उभं राहून पाहिलं, आणि कोणाचाही टर्बो बदलताना हे मागून घ्यावं असं मला वाटतं. ऑइल आणणारा पाइप आणि बोल्ट नवे घातले. खाली नेणारा पाइप साफ केला. ऑइलचा हौद उतरवून आतली जाळी पाहिली, तिच्यावरचा काळा गाळ धुतला. इंटरकूलर आणि होज काढून त्यात साचलेलं ऑइल आणि आधीच्या पंख्याचे कण काढले. एअर फिल्टर, ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे. मग नवा टर्बो जागेवर बसवण्याआधी त्याच्या वरच्या भोकातून ताजं ऑइल ओतत पंखा बोटाने सावकाश फिरवत राहिले. शेवटी इंधन तोडून नुसता स्टार्टर थोडा थोडा मारला, खालचा पाइप सैल ठेवून, एक मुलगा टॉर्च घेऊन खाली वाकलेला. टर्बोतून ऑइलची धार खाली आली असं त्याने सांगितल्यावरच पाइप घट्ट केला आणि गाडी सुरू केली.